केव्ह ऑफ द विंड्स की जर्नी बिहाइंड द फॉल्स? नायगाराला निघण्याआधी हे बघून घ्या

आईबाबा अमेरिकेत आले की नायगारा ठरलेलाच, आणि नायगारा ठरला की हमखास कोणीतरी विचारतं, ते धबधब्याजवळ लिफ्टने खाली नेतात ना, पिवळा रेनकोट देतात, त्याचं तिकीट काढलंस का? आता गोची अशी आहे की हे वर्णन दोन वेगळ्या ठिकाणांना जसंच्या तसं लागू पडतं आणि ती दोन ठिकाणं दोन वेगळ्या देशांत आहेत.

केव्ह ऑफ द विंड्स अमेरिकेच्या बाजूला, नायगारा फॉल्स स्टेट पार्कमधल्या गोट आयलंडवर. जर्नी बिहाइंड द फॉल्स नदीपलीकडे कॅनडात, टेबल रॉक सेंटरमधून. मध्ये रेनबो ब्रिज, तो चालत पण ओलांडता येतो, पण पलीकडे इमिग्रेशन आहे. आईबाबांकडे फक्त अमेरिकेचा व्हिजिटर व्हिसा असेल तर भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसा वेगळा काढावा लागतो, एच-वनवाल्यांनाही (अमेरिकेचा नोकरीचा व्हिसा) तेच, ग्रीन कार्ड असेल तर नाही लागत. म्हणजे बऱ्याच घरांत मुलगा जाऊ शकतो आणि ज्यांच्यासाठी ट्रिप काढली ते दोघं नाही जाऊ शकत.

नावं ऐकून आणखी घोळ होतो, कारण केव्हमध्ये आज केव्ह नाहीच. ब्रायडल व्हेल नावाचा जो बारका धबधबा आहे त्याच्या मागे पूर्वी खरी गुहा होती, लोक आत जायचे, पण 1954 मध्ये तिथली दरड कोसळली आणि मग जे उरलं ते सुरुंग लावून पाडून टाकलं. आता तुम्ही धबधब्याच्या मागे जात नाही, समोर जाता. लिफ्ट 175 फूट खाली दरीत सोडते, पायात घालायला सँडल देतात, आणि मग लाल रंगाच्या लाकडी जिन्यांवरून वर वर चढत शेवटी हरिकेन डेक, तिथून पाणी जेमतेम 20 फुटांवर. नाव अजिबात फुगवलेलं नाहीये. पाणी अंगावर पडत नाही, आदळतं, पॉन्चो, म्हणजे तो सैल रेनकोट, वाऱ्याने डोक्यावर येतो, शेजारचा माणूस ओरडून काय सांगतोय ते कळत नाही. भुशी डॅमच्या पायऱ्यांवर बसून पावसाळे काढलेल्या माणसाला पण इथे दम लागतो 😄 

हे जिने कायमचे नाहीत ही मला सगळ्यात भारी गोष्ट वाटते. थंडीत दरीत इतका बर्फ साचतो की लाकडी बांधकाम टिकणारच नाही, म्हणून दर वर्षी सीझन संपला की ते काढून टाकतात आणि वसंतात परत नवीन बांधतात. त्यामुळे डिसेंबरच्या सुट्टीत गेलात तर हरिकेन डेक नसणार, तिकीट काढताना नेमकं काय चालू आहे ते आधी बघा.

जर्नीचा प्रकार एकदम वेगळा. हा हॉर्सशू फॉल्स, म्हणजे नायगाराचं साधारण 90 टक्के पाणी इथून पडतं, मोठा तो हाच. लिफ्ट 125 फूट खाली, खडकात खोदलेले बोगदे, आणि बोगद्याच्या टोकाला धबधब्याच्या मागच्या बाजूला उघडणाऱ्या खिडक्या. इथे खरंच तुम्ही मागे असता. पण खरं सांगायचं तर दिसत काही नाही, पांढरा पडदा दिसतो, बस. मजा आवाजाची आहे, तो कानापेक्षा छातीत जास्त जाणवतो. काही लोक बाहेर येऊन म्हणतात एवढ्यासाठी पैसे घेतले, त्यांनी बहुतेक बाहेरच्या डेकवर वेळच दिला नाही, धबधब्याच्या पायथ्याशी उभं राहून वर बघायला मिळतं ते तिथेच. जर्नी वर्षभर चालू असते, हिवाळ्यात खिडक्या बर्फाने अर्ध्यामुर्ध्या बुजतात आणि खालचा डेक सहसा बंद असतो.

गुडघेदुखीवाल्यांसाठी जर्नी सोपी, बोगद्यापर्यंत लिफ्टच नेते. केव्हमध्ये जिने आहेत आणि ते ओले असतात, पण हरिकेन डेकपर्यंत गेलंच पाहिजे असं काही नाही, खालच्या प्लॅटफॉर्मवर थांबून पण बऱ्यापैकी भिजायला होतं, आईला तिथे उभं करून बाकीच्यांनी वर जाऊन यायचं.

दोन्ही शक्य असेल तर मी तरी आधी केव्ह करीन. आणि कॅनडा व्हिसा नसेल तर हळहळत बसू नका. समोरून अख्खा देखावा कॅनडातूनच दिसतो हे खरं, पण पाण्याच्या जवळ जायचं असेल तर स्टेट पार्कच बरं. 1885 पासूनचं पार्क आहे, एंट्री फ्री, पैसे पार्किंगचे आणि राइड्सचे. गोट आयलंडवरच टेरापिन पॉइंट आहे, हॉर्सशूचं पाणी जिथून खाली वळतं त्याच्या अगदी कडेला रेलिंग धरून उभं राहता येतं, आणि थ्री सिस्टर्स आयलंड्सवर गर्दी जरा कमी असते, डबा तिथे उघडा. बोट पण इथून आहे, मेड ऑफ द मिस्ट, तिचा पॉन्चो निळा. समोरून लाल पॉन्चोवाली बोट येताना दिसेल ती कॅनडाची, दोन्ही जातात हॉर्सशूपाशीच, त्यामुळे बोटीसाठी म्हणून बॉर्डर ओलांडायची काहीच गरज नाही.