हेलियमचा शोध आणि विजयदुर्ग

हेलियम वायूचा शोध कोठे लागला, या प्रश्नाला महाराष्ट्रात हमखास मिळणारे उत्तर म्हणजे विजयदुर्ग. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या देवगड तालुक्यात, वाघोटन खाडीच्या मुखाशी असलेल्या या किल्ल्यावरून नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने १८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहण पाहिले आणि त्यात त्याला हेलियम सापडला, अशी ही माहिती. सामान्यज्ञानाच्या पुस्तिकांतून आणि मोबाइलवरच्या ढकलपत्रांतून ती फिरत असते. किल्ल्यावर चुन्या-दगडाचे चौथरे आहेत, त्यांना गावात ‘साहेबाचे ओटे’ म्हणतात. साहेबाने दुर्बीण ठेवली ती येथेच, असे पाहुण्यांना दाखवले जाते. १८ ऑगस्टला तेथे ‘जागतिक हेलियम दिन’ही साजरा होतो.

या माहितीचे तुकडे सुटे घेतले तर एकही खोटा निघत नाही. १८ ऑगस्ट १८६८ ला खग्रास ग्रहण झाले होते आणि ते भारतातून दिसले होते. हेलियमच्या शोधात लॉकियर यांचा वाटा मोठा आहे. ते विजयदुर्गला आले होते आणि तेथून त्यांनी ग्रहणही पाहिले होते. फक्त हे सारे एका दिवशी घडलेले नाही. लॉकियर विजयदुर्गावर आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी, म्हणजे जवळजवळ तीस वर्षांनी. १८६८ च्या ग्रहणाच्या दिवशी ते इंग्लंडातच होते.

खरे तर १८ ऑगस्ट ही तारीख ऐकूनच कोकणातल्या माणसाने थबकायला हवे. ऑगस्टच्या मध्यात या किनाऱ्यावर सूर्य दिसण्याचीच मारामार; ग्रहण पाहायला दुर्बिणी घेऊन तेथे कोण येईल? त्या वर्षी आलेल्या मंडळींना हे नीट माहीत होते. त्यांनी सह्याद्री ओलांडून कोरड्या मुलखात ठाणी मांडली. जॉन हर्शेल हे लष्करी अधिकारी (युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेल यांचे नातू) पटवर्धनांच्या जमखंडीला होते. एक तुकडी विजापुरात होती. मेजर टेनंट आणि फ्रान्सहून आलेले पिएर जान्सन गुंटूरला होते, तर मद्रास वेधशाळेचे पॉगसन मच्छलीपट्टणला. एवढे करूनही हर्शेल यांना जमखंडीत ढगांनी छळलेच.

ही सगळी धावपळ कशासाठी होती, हे कळायला स्वयंपाकघरातली एक रोजची गोष्ट पुरते. कुकरमधून किंवा भाताच्या पातेल्यातून मिठाचे पाणी उतू जाऊन बर्नरवर पडले की निळी ज्योत क्षणभर झगझगीत पिवळी होते. तो पिवळा रंग मिठातल्या सोडियमचा. ही ज्योत वर्णपटदर्शकातून, म्हणजे प्रकाशाचे रंग अलग करून दाखवणाऱ्या उपकरणातून, पाहिली तर त्या पिवळ्याच्या जागी अगदी जवळजवळ असलेल्या दोन रेषा दिसतात, ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर तरंगलांबीवर. त्यांना ‘डी’ रेषा म्हणतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या अशा आपापल्या रेषा ठरलेल्या असतात, हे १८६० च्या सुमारास बुन्सेन आणि किर्खहॉफ यांनी दाखवले होते. त्यानंतर खगोलशास्त्रज्ञांना वेध लागले ते सूर्याचे. खग्रास ग्रहणात चंद्राच्या काळ्या चकतीच्या कडेला लालसर ज्वाला डोकावतात. त्या कशाच्या बनल्या आहेत, हा वाद होता. १८६८ चे ग्रहण लांबलचक होते. सयामच्या आखातात खग्रास अवस्था साडेसहा मिनिटांहून अधिक टिकली. वर्णपटदर्शक रोखून बसायला याहून चांगली संधी मिळणे अवघड होते.

उत्तर त्याच दिवशी मिळाले. ज्वालांच्या वर्णपटात सुट्या तेजस्वी रेषा दिसल्या, म्हणजे त्या तप्त वायूच्या होत्या आणि त्यात मुख्यतः हायड्रोजन होता. याखेरीज एक पिवळी रेषाही होती. जमखंडीत, गुंटूरला आणि मच्छलीपट्टणला ती निरीक्षकांच्या नजरेस पडली. पण बहुतेकांनी ती सोडियमचीच धरली. यात त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. काही मिनिटांत, अंधारात, हात थरथरत असताना दोन-एक नॅनोमीटरचा फरक मापायचा होता.

जान्सन यांचे लक्ष त्या पिवळ्या रेषेपेक्षा एका वेगळ्याच गोष्टीकडे होते. रेषा इतक्या ठळक असतील तर त्या ग्रहणाशिवायही दिसायला हव्यात, असे त्यांना वाटले. दुसऱ्या दिवशी, १९ ऑगस्टला, गुंटूरच्या स्वच्छ उन्हात त्यांनी वर्णपटदर्शकाची फट सूर्याच्या कडेवर रोखली आणि ज्वाला दिसल्या. ग्रहणाची वाट पाहण्याची गरजच संपली. हे कळवणारे पत्र त्यांनी काकिनाड्याहून १९ सप्टेंबरला पॅरिसच्या विज्ञान अकादमीकडे धाडले.

इकडे लंडनमध्ये युद्धखात्यात कारकुनी करणारे, फावल्या वेळात दुर्बिणीला डोळा लावणारे बत्तीस वर्षांचे लॉकियर याच कल्पनेवर दोन वर्षे अडून बसले होते. कल्पना होती, पुरेसा ताकदवान वर्णपटदर्शक नव्हता. तो बनवून देणाऱ्यांकडून उशीर होत गेला. उपकरण ऑक्टोबरच्या मध्यात हाती आले आणि २० ऑक्टोबर १८६८ रोजी, ग्रहण नसताना, लंडनमधूनच त्यांना ज्वालांच्या रेषा दिसल्या. आता काही मिनिटांची घाई नव्हती. रोज सूर्य उगवला की पुन्हा मापता येत होते. त्यामुळे पिवळी रेषा सोडियमच्या जोडीवर बसत नाही, थोडी बाजूला, ५८७.६ नॅनोमीटरच्या आसपास पडते, हे त्यांना ठामपणे सांगता आले. ‘डी-१’ आणि ‘डी-२’ आधीच होत्या, म्हणून हिला ‘डी-३’ म्हणू लागले. एडवर्ड फ्रँकलंड या रसायनशास्त्रज्ञाबरोबर त्यांनी प्रयोगशाळेत हायड्रोजनवर नाना दाब देऊन पाहिले. ती रेषा काही उमटेना. तेव्हा हे पृथ्वीवर न आढळलेले मूलद्रव्य असावे, असा तर्क पुढे आला. सूर्याच्या ‘हेलिऑस’ या ग्रीक नावावरून त्याला हेलियम म्हटले गेले आणि १८७१ मध्ये विल्यम टॉमसन यांनी, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्व्हिन यांनी, आपल्या जाहीर भाषणात ते नाव घेतले. नावाचा शेवट सोडियम, पोटॅशियमसारखा झाला तो हा धातूच असणार या समजुतीने.

म्हणजे हेलियमच्या शोधाला ठिकाण द्यायचेच झाले तर ते लंडन ठरते. जान्सन यांना या मूलद्रव्याचे सहसंशोधक मानणे हीदेखील ढिलाईच आहे. त्यांचे श्रेय ग्रहणाविना ज्वाला पाहण्याच्या युक्तीचे. पण नशिबाने गंमत केली. काकिनाड्याचे पत्र आणि लॉकियर यांचे पत्र पॅरिसच्या अकादमीपुढे एकाच बैठकीत, २६ ऑक्टोबर १८६८ ला आले. १८७२ मध्ये फ्रेंच सरकारने दोघांचे मुखवटे शेजारीशेजारी कोरलेले पदक काढले. त्याच्या मागच्या बाजूला सूर्यरथ आहे, ‘सूर्यज्वालांचे पृथक्करण’ अशा अर्थाचे शब्द आहेत, आणि तारीख आहे १८ ऑगस्ट १८६८. हेलियमचे नाव त्यावर नाही. पण लॉकियर यांचा चेहरा आणि ज्या दिवशी त्यांनी काहीच पाहिले नव्हते तो दिवस यांची गाठ पडली ती अशी. विजयदुर्गाच्या कथेचे मूळ धागे येथपर्यंत नेता येतात, असे मानायला जागा आहे.

शंका म्हणून शंका राहत होतीच. एका रेषेवरून मूलद्रव्य मानायला कित्येक रसायनशास्त्रज्ञ तयार नव्हते. मार्च १८९५ मध्ये रसायनशास्त्रज्ञ विल्यम रॅम्झी हे क्लेव्हाइट या युरेनियमयुक्त खनिजातून निघणाऱ्या वायूत आर्गॉन शोधत असताना त्यांना वर्णपटात ती पिवळी रेषा दिसली. खात्री करण्यासाठी त्यांनी वायूचे नमुने विल्यम क्रुक्स आणि लॉकियर यांच्याकडे पाठवले. सव्वीस वर्षांपूर्वी सूर्यावर पाहिलेली रेषा लॉकियर यांना आता हातातल्या काचेच्या नळीत दिसत होती.

तेव्हा १८९८ मध्ये ते विजयदुर्गला उतरले ते हेलियम शोधायला नव्हे. आता ते ‘सर’ झालेले, ‘नेचर’ साप्ताहिकाचे संस्थापक म्हणून जगभर नाव असलेले गृहस्थ होते. भारताचा पश्चिम किनाराही त्यांना नवा नव्हता. १२ डिसेंबर १८७१ चे ग्रहण त्यांनी केरळातल्या बेकलहून पाहिले होते. या वेळी त्यांच्या दिमतीला ‘मेलपोमिनी’ ही ब्रिटिश युद्धनौका होती. तिच्या अधिकाऱ्यांना आणि खलाशांना त्यांनी कामे नेमून दिली. कोणी कॅमेऱ्याची झाकणे काढायची, कोणी सेकंद मोठ्याने मोजायचे, कोणी सूर्यप्रभेचे, म्हणजे ग्रहणात सूर्याभोवती दिसणाऱ्या तेजोवलयाचे, चित्र काढायचे, अशी कवायतच. खग्रास अवस्था जेमतेम दोन मिनिटांची. जहाजाचे कप्तान चिझम-बॅटन आणि कलकत्त्याचे प्राध्यापक पेडलर यांच्यासह लिहिलेला या निरीक्षणांचा अहवाल पुढे लंडनच्या रॉयल सोसायटीने छापला. साहेबाच्या ओट्यांची खरी तारीख या मोहिमेची आहे.

त्या दिवशीची सावली विजयदुर्गावरून आत सरकली आणि तिच्या वाटेवर महाराष्ट्रात जागोजागी दुर्बिणी लागल्या होत्या. करमाळ्याजवळच्या जेऊरला पुण्याच्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगामवाला होते. अमेरिकेच्या लिक वेधशाळेची तुकडीही तेथेच होती. वऱ्हाडातल्या तळणीला ॲनी माँडर यांनी एका छोट्या कॅमेऱ्याने सूर्यप्रभेचा लांबच लांब झोत टिपला. तोवर एवढा लांब झोत कोणाच्याच छायाचित्राच्या काचेवर उमटला नव्हता.