व्हॅनमधला गिझर आणि ‘रिकामी’ बॅटरी

कॅम्पर व्हॅन (राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी) बांधून घेताना सोलापुरात हमखास सांगतात, “गिझर बॅटरीवर नको, एका अंघोळीत बॅटरी संपते.” हे कारण चुकीचं आहे. 10 लिटर पाणी 20 वरून 40 अंशांवर न्यायला सुमारे 233 वॉट-तास लागतात, इन्व्हर्टरची घट धरून 265. 12 व्होल्ट, 100 अँपिअर-तासांच्या लिथियम बॅटरीत 1200 असतात. पाव बॅटरीही जात नाही.

अडतं ते करंटवर. 3 किलोवॉटचा इन्स्टंट गिझर 12 व्होल्टवर जवळपास 280 अँपिअर मागतो. लिथियम बॅटरीतलं संरक्षक सर्किट, म्हणजे बीएमएस, पुरवठा तोडतं. लेड-अ‍ॅसिडचं व्होल्टेज कोसळून इन्व्हर्टर बीप देत बंद पडतो आणि बॅटरी संपली असं वाटतं. केबलची लग (टोकाची धातूची जोडणी) पाहा: काळवंडलेली, वरचं इन्सुलेशन मऊ पडलेलं. दोष तिथे दिसतो.

म्हणून 10 लिटरची इन्सुलेटेड टाकी, सेफ्टी व्हॉल्व्ह आणि 500 वॉटचं एलिमेंट घ्या. अर्ध्या तासात पाणी तयार, करंट 50 अँपिअरच्या आत. 1000 वॉटच्या इन्व्हर्टरला 25 चौरस मिमी तांब्याची केबल, 100 अँपिअरचा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात.

गॅस गिझर मात्र व्हॅनमध्ये नकोच, खिडकी किलकिली ठेवूनही. गॅस जळताना होणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

आणि आपल्याकडचं ऊन विसरू नका. टपावर 110 मिमीचा काळा रंगवलेला 2 मीटर पाइप टाकला, की सुमारे 17 लिटर पाणी फुकटात तापतं. झाकणाला हवेचं भोक तेवढं ठेवा.