ॲल्युमिनियम तेच, पण डोपिंग वेगळं आणि कोटिंग वेगळं

ऐरोली-वाशीकडची केमिस्ट्रीची मुलं हल्ली बॅटरीच्या नोकऱ्यांच्या मागे आहेत, आणि ‘कॅथोडला ॲल्युमिनियम लावलंय’ असं सरसकट बोलतात. कॅथोड म्हणजे लिथियम-आयन बॅटरीचं धन टोक, बारीक पावडरीचं बनवलेलं. मग ॲल्युमिनियम त्या पावडरीच्या कणाच्या आत की वर? पोळीच्या कणकेत घातलेलं मोहन आणि तव्यावरून उतरल्यावर फासलेलं तूप, इतका हा फरक आहे.

डोपिंग, म्हणजे कणाच्या आतच थोडं दुसरं मूलद्रव्य मिसळणं, हे मोहन. एनएमसी ८११ (निकेल, मँगेनीज, कोबाल्ट ८:१:१ प्रमाणात असलेलं कॅथोडचं द्रव्य) करताना निकेल-मँगेनीज-कोबाल्टचं हायड्रॉक्साइड आणि लिथियम हायड्रॉक्साइड मिसळून ऑक्सिजनमध्ये ७०० ते ८०० अंशांवर भाजतात. ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम किंवा झिर्कोनियम तेव्हाच सोबत असेल, तर स्फटिकातच जागा धरतं. इथे दुखणं आतलं आहे. निकेलच्या द्विसंयुजी आयनची त्रिज्या ०.६९ अँगस्ट्रॉम, लिथियमची ०.७६, म्हणजे जवळपास तितकीच, त्यामुळे निकेल लिथियमच्या जागेत घुसतो आणि त्याची वाट अडवतो. भरीला ४.२ व्होल्टच्या आसपास स्फटिकाचे थर एकदम दबतात, कणांना तडे जातात. ॲल्युमिनियमचा ऑक्सिजनशी बंध पक्का, त्यामुळे सांगाडा टिकतो. पण ते स्वतः विद्युतभार साठवत नाही, म्हणून जास्त घातलं की क्षमता घटते.

कोटिंग तयार कणावर चढतं, जेमतेम काही नॅनोमीटर. दुखणं बाहेरचं असतं: इलेक्ट्रोलाइटमधलं लिथियम हेक्साफ्लुओरोफॉस्फेट ओलाव्याच्या अंशाशी भिडलं की हायड्रोफ्लुओरिक आम्ल होतं आणि ते कणाचा पृष्ठभाग खातं. ॲल्युमिनाचा (ॲल्युमिनियम ऑक्साइडचा) थर तो मार स्वतःवर घेतो. जाड झाला तर मात्र लिथियमलाच अडवतो. आणि कण आतून तडकला, तर त्या नव्या भेगेवर कोटिंग कुठून येणार?

निकेल जास्त असलेली पावडर हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइडही ओढते. तिच्यावर लिथियमचे अल्कली क्षार साचतात आणि पीव्हीडीएफ बाइंडरची (कणांना धरून ठेवणाऱ्या चिकट पॉलिमरची) स्लरी, म्हणजे लेप द्यायचं पातळ मिश्रण, जेल होऊन बसते. ठाणे खाडीकाठच्या जुलैत हे काम ड्राय रूमशिवाय (हवेतली ओल काढलेल्या खोलीशिवाय) करायला कोणी धजावू नये, कोटिंग असलं तरी.

खरी गफलत दुसऱ्या भाजणीत होते. कोटिंगनंतर ४०० अंशांच्या आसपास थांबलात तर थर बहुतेक वरच राहतो. ७००च्या घरात गेलात तर ॲल्युमिनियम आत झिरपतं आणि कोटिंगचं डोपिंग होऊन बसतं. हल्ली काही जण हे मुद्दाम करतात, एकाच भाजणीत दोन्ही साधायला. माझ्या मते निकेल ८० टक्क्यांच्या वर असेल तर दोन्ही हवंच.

एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट, दुसऱ्या जातीचं कॅथोड) वरचा कार्बनचा थर यात मोजू नका. तो मुळात वीज नीट वाहावी म्हणून असतो, बचावासाठी नव्हे.

सॅम्पल हातात आलं तर एक्सआरडीत (क्ष-किरणांनी स्फटिकाची रचना पाहणाऱ्या चाचणीत) शिखरं सरकलेली दिसतात का बघा, ती डोपिंगची खूण. थर पाहायला टीईएम (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) लागतं. आयसीपीचा (मूलद्रव्यांचं प्रमाण मोजणाऱ्या चाचणीचा) रिपोर्ट एकूण ॲल्युमिनियम किती ते सांगतो, कुठे आहे ते नाही.