प्लॅटिनमचा काळा थर : इंधन घटांमागची पार्श्वभूमी

डिसेंबर २०२४मध्ये संरक्षण मंत्रालयाने माझगाव डॉकशी सुमारे १,९९० कोटी रुपयांचा करार केला. पाणबुडीला जास्त काळ पाण्याखाली राहू देणाऱ्या स्वदेशी ‘एआयपी’ यंत्रणेचा भाग बांधून पाणबुडीत बसवण्याचं हे काम आहे. ही यंत्रणा घडली अंबरनाथच्या नौदल सामग्री संशोधन प्रयोगशाळेत, आणि तिचा गाभा म्हणजे फॉस्फोरिक आम्लाचे इंधन घट, म्हणजे हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून थेट वीज देणारे घट. चर्चा झाली ती पाणबुडीची. पण घटात वीज तयार होते ती प्लॅटिनम आणि कार्बनच्या एका पातळ काळ्या थरात, आणि त्या थराची आतली रचना कळायला फार मोठा काळ जावा लागला.

विल्यम ग्रोव्हने १८३९मध्ये हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून वीज मिळवली. वायू, द्रव आणि प्लॅटिनम जिथे एकत्र भेटतात तिथेच क्रिया होते, हे त्याने १८४२मध्ये ओळखलं होतं. ती भेटीची जागा वाढवायची कशी, हा प्रश्न तेव्हापासूनचा. १९६५च्या अमेरिकी जेमिनी अंतराळयानातल्या घटांत त्यावर भरपूर प्लॅटिनम ओतणं हाच उपाय होता. पुढेही बराच काळ दर चौरस सेंटिमीटरला ४ मिलिग्रॅम हे प्रमाण रूढ होतं. १९८६मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेच्या इयन रेस्ट्रिकने कार्बनवरच्या प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडमध्ये नॅफिऑन या प्रोटॉन वाहून नेणाऱ्या प्लास्टिकचं द्रावण मुरवलं आणि दहापट कमी प्लॅटिनममध्ये काम भागलं. थर आतून कसा दिसतो हे नीट माहीत नसताना मिळालेलं हे यश आहे.

पाहायचं म्हटलं तर नमुना तसा सहज तयार होतो. उत्प्रेरकाची, म्हणजे क्रिया घडवणाऱ्या प्लॅटिनम-कार्बनची पूड अल्कोहोलमध्ये ढवळायची, तिचा थेंब ३ मिलिमीटरच्या तांब्याच्या जाळीवर सोडायचा, वाळू द्यायचा. पवईच्या आयआयटीत किंवा जगात कुठेही, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मग कार्बनचे करडे गोळे द्राक्षांच्या घडासारखे चिकटलेले दिसतात आणि त्यांवर २ ते ५ नॅनोमीटरचे प्लॅटिनमचे काळे ठिपके. अडचण अशी की हे चित्र सपाट असतं. ठिपका गोळ्याच्या बाहेर बसलाय की आतल्या छिद्रात, हे त्यावरून ठरत नाही. प्रोटॉन वाहून नेणारा नॅफिऑनचा पापुद्रा तर जेमतेम काही नॅनोमीटरचा, कार्बनपुढे उठून न दिसणारा आणि इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने खराब होणारा.

जे दिसत नव्हतं ते गणिताने गृहीत धरलं. कार्बन, प्लॅटिनम आणि नॅफिऑनचे एकसारखे गोल पुंजके कल्पून मॉडेल मांडली गेली, आणि प्रयोगातला आलेख जुळेपर्यंत पुंजक्याची त्रिज्या बदलली गेली. आलेख जुळायचे; त्यावरून रचना बरोबर आहे असं मानणं घाईचं होतं. २०१२च्या सुमारास अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या गटाने क्ष-किरणांच्या नॅनो-टोमोग्राफीने थराचं त्रिमितीय चित्र काढलं, तेव्हा खरे पुंजके बऱ्याच मॉडेलांतल्यापेक्षा लहान निघाले. नॅफिऑन दिसावा म्हणून त्यात सीझियमचे आयन भरायची युक्तीही वापरात आली. आयनांच्या झोताने थराचे काप घेत प्रत्येक कापाचं चित्र टिपायची पद्धत आहेच. आता अशा चित्रांतली खरी छिद्रंच संगणकात घालून ऑक्सिजनचा प्रवास मोजतात.

नमुना तिरपा करत अनेक कोनांतून चित्रं घेणाऱ्या इलेक्ट्रॉन टोमोग्राफीने जुना प्रश्नही सोडवला : सच्छिद्र कार्बनमध्ये पुष्कळसं प्लॅटिनम आतच बसलेलं असतं. तिथे नॅफिऑन पोचत नाही, त्यामुळे नॅफिऑनमधले सल्फोनेट गट (गंधक आणि ऑक्सिजनचे अणुसमूह) प्लॅटिनमला चिकटून त्याचा जोर कमी करत नाहीत. पण छिद्राचं तोंड अरुंद असेल तर ऑक्सिजनही अडतो. म्हणून हल्ली काही नॅनोमीटरची, नेमक्या मापाची तोंडं असलेला कार्बन घडवतात. माझ्या मते या साऱ्या चित्रांचं हे सर्वांत मोठं फळ आहे.

अंबरनाथच्या प्रकारच्या घटात नॅफिऑन नसतो. आम्लच छिद्रांत शिरतं. ते प्लॅटिनमपर्यंत पोचलं पाहिजे आणि वायूची वाटही बुजता कामा नये, म्हणून थरात टेफ्लॉन मिसळतात. शिवाय १५० ते २०० अंश सेल्सिअसला वर्षानुवर्षं चालताना प्लॅटिनमचे कण मोठे होत जातात आणि कार्बन झिजतो. त्यामुळे इथे नव्या थराइतकाच वापरून झालेला थरही सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावा लागतो.