बाभळी बंधारा त्रिसदस्यीय समिती

नांदेड जिल्ह्यातील धर्माबाद तालुक्यात गोदावरीवर बांधलेल्या बाभळी बंधाऱ्याच्या दरवाजांच्या कामकाजावर देखरेख ठेवणारी आंतरराज्यीय समिती. सर्वोच्च न्यायालयाच्या 28 फेब्रुवारी 2013 च्या निकालाने ती अस्तित्वात आली.

समितीत तीन सदस्य असतात: केंद्रीय जल आयोगाचा एक आणि महाराष्ट्र व आंध्र प्रदेश (आता तेलंगणा) या दोन्ही राज्यांचा प्रत्येकी एक. अध्यक्षपद जल आयोगाच्या प्रतिनिधीकडे आहे. कार्यालयाचे ठिकाण समितीने ठरवायचे, जागा मात्र महाराष्ट्राने द्यायची आणि समितीचा सर्व खर्चही महाराष्ट्रानेच सोसायचा, असे निकालात आहे. बंधाऱ्यावरून महाराष्ट्राचा मूळ वाद आंध्र प्रदेशाशी होता. 2 जून 2014 रोजी तेलंगणा वेगळे झाल्यावर खालच्या राज्याची बाजू तेलंगणाकडे आली. पाण्याचे वाटप ठरवणे समितीच्या कक्षेत येत नाही. ते गोदावरी पाणीवाटप लवादाच्या निवाड्याने आधीच ठरलेले आहे. बंधारा, त्याचे चौदा दरवाजे आणि त्यांची देखभाल महाराष्ट्राच्या जलसंपदा विभागाकडे आहे.

वादाचे मूळ कोठे धरायचे याबाबत एकवाक्यता नाही. आंध्र प्रदेशाचा सर्वोच्च न्यायालयातील दावा 2006 चा असल्याने वर्तमानपत्री लेखनात सुरुवात तेथूनच होते. त्याच वर्षी केंद्रीय जलसंसाधन मंत्र्यांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांची बैठक घेतली होती आणि जल आयोगाच्या नेतृत्वाखाली तांत्रिक समितीचा तोडगाही पुढे आला होता; काही जण तीच आजच्या समितीची पूर्वपीठिका मानतात. मात्र खरी गाठ 6 ऑक्टोबर 1975 च्या महाराष्ट्र–आंध्र प्रदेश करारात आहे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. न्या. बच्छावत यांच्या अध्यक्षतेखालील गोदावरी पाणीवाटप लवादाने (स्थापना 1969, अंतिम निवाडा 1980) हा करार निवाड्यात सामावून घेतला. त्यानुसार पैठणपर्यंत गोदावरीचे आणि सिद्धेश्वर धरणापर्यंत पूर्णेचे सर्व पाणी महाराष्ट्राला वापरता येते. पैठणच्या खाली गोदावरीवर, सिद्धेश्वरच्या खाली पूर्णेवर आणि निजामसागरच्या खाली मांजरेवर, आज तेलंगणात असलेल्या पोचमपाड (श्रीरामसागर) धरणापर्यंतच्या टप्प्यात नव्या प्रकल्पांसाठी महाराष्ट्राला 60 टीएमसीची (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट) मर्यादा आहे. पोचमपाडची पूर्ण संचय पातळी 1,091 फूट (सुमारे 332.5 मीटर) ठरली आणि त्या पातळीला धरणाचा फुगवटा (धरणामुळे नदीपात्रात मागे पसरणारे पाणी) महाराष्ट्रात सुमारे 32 किमी आत येतो. बाभळी बंधारा सीमेपासून सुमारे 7 किमी, म्हणजे या फुगवट्याच्या आतच उभा आहे.

आंध्रचे म्हणणे असे की, दुसऱ्या राज्याच्या जलाशयाच्या पोटात बंधारा बांधणे हा निवाड्याचा भंग होय. महाराष्ट्राचे उत्तर: नदीपात्र आमच्या हद्दीतले आहे आणि साठा आमच्याच 60 टीएमसीतला. राज्यघटनेचा अनुच्छेद 262 व आंतरराज्यीय जलविवाद अधिनियम, 1956 यांमुळे पाणीतंट्यांत न्यायालयाला अधिकार नसतो, हा आक्षेपही आला. पण वाद मुख्यतः बंधाऱ्याच्या बांधकामाचा आहे असे धरून अनुच्छेद 131 खालील (राज्याराज्यांतील वाद थेट सर्वोच्च न्यायालयात नेण्याची तरतूद) दावा ऐकला गेला. 26 एप्रिल 2007 च्या अंतरिम आदेशाने बांधकामाला मुभा मिळाली, दरवाजे बसवण्याला नाही. अंतिम निकालात 60 टीएमसीची मर्यादा वापरावर आहे, हा अर्थ मान्य झाला आणि बंधारा टिकला.

समितीचे वर्ष तीन तारखांवर चालते. 1 जुलैला दरवाजे वर उचलले जातात आणि 28 ऑक्टोबरपर्यंत प्रवाहाला कोणताही अडथळा होता कामा नये. 29 ऑक्टोबरपासून जूनअखेर महाराष्ट्राला 2.74 टीएमसी (सुमारे 77.6 दलघमी, म्हणजे दशलक्ष घनमीटर) एवढेच पाणी बंधाऱ्यासाठी वापरता येते. त्यातील 0.6 टीएमसी (सुमारे 17 दलघमी) हा बाभळी आणि पोचमपाड यांच्या सामाईक बुडिताचा (दोन्ही जलाशयांच्या पाण्याखाली येणाऱ्या क्षेत्राचा) भाग आहे. तेवढे पाणी 1 मार्चला खाली सोडायचे असते आणि तो भाग पुनःपुन्हा भरून वापरता येत नाही. 0.6 टीएमसी एका दिवसात सोडायचे झाल्यास सरासरी विसर्ग जवळजवळ 6,950 क्युसेक (घनफूट प्रति सेकंद) येतो. दरवाजे उचलताना व खाली सोडताना जल आयोग आणि दोन्ही राज्यांचे अभियंते बंधाऱ्यावर हजर असतात. साठा बंधाऱ्याजवळची पाणीपातळी वाचून पातळी–साठा तक्त्यावरून काढतात. गाळ साचून तक्ता जुना झाला की पातळी तीच राहूनही प्रत्यक्ष पाणी कमी भरते.

अडचण मुख्यतः 29 ऑक्टोबर या तारखेची आहे. मराठवाड्यातून मोसमी पाऊस साधारण ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत माघार घेतो आणि पुढे नदीचा प्रवाह झपाट्याने उतरतो. दरवाजे खाली येतात तेव्हा पूर निघून गेलेला असतो. वरून जायकवाडी किंवा विष्णुपुरीतून विसर्ग आला नाही, तर बंधारा भरेलच असे नाही. 0.6 टीएमसी हा आकडा मात्र स्थिर आहे. भरलेल्या बंधाऱ्यातून सोडल्यास ते साठ्याच्या सुमारे 22 टक्के होते. निम्माच भरलेला असल्यास 44 टक्क्यांच्या घरात जाते, तेही रब्बीची शेवटची पाळी आणि उन्हाळी पिण्याचे पाणी समोर असताना. 1 जुलैला उरलेसुरले पाणीही वाहून जाते, मग धर्माबाद–उमरी भागात पेरणीचा पाऊस झालेला असो वा नसो. न्यायालयाने तारखा निकालातच घातल्यामुळे त्या मागे-पुढे करणे समितीच्या हाती नाही. दोन्ही राज्यांचे एकमत झाले तरी बदलासाठी न्यायालयाकडेच जावे लागेल, असे दिसते.

आंध्र प्रदेश पुनर्रचना अधिनियम, 2014 खाली स्थापन झालेले गोदावरी नदी व्यवस्थापन मंडळ ही वेगळी संस्था असून तिच्यात आंध्र आणि तेलंगणा ही दोनच राज्ये आहेत. महाराष्ट्र व तेलंगणा यांनी 2016 मध्ये मुख्यमंत्र्यांच्या पातळीवर नेमलेले आंतरराज्यीय मंडळ मेडिगड्डा, तुम्मिडीहट्टी, चनाखा–कोरटा या प्रकल्पांसाठी आहे. बाभळी या दोहोंच्या कक्षेत येत नाही.