धूर कमी झाला म्हणजे गाडी स्वच्छ झाली?

जुन्या डिझेल गाडीचं इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांना हवा पोचवणारी नळी, उघडून दाखवणारे व्हिडिओ सध्या खूप फिरतात. आतली वाट निम्मी बुजलेली, काजळी आणि तेलाचा घट्ट लगदा खरवडून काढणारा मेकॅनिक, आणि शेवटी ठरलेला सल्ला: ईजीआरला पत्रा मारा, म्हणजे त्याची वाट पत्र्याने बंद करा, कटकट संपेल. लगदा खरा आहे. पण ईजीआर मुळात तिथे कशासाठी बसवलाय, हे त्यात कोणी सांगत नाही. आणि मला तर डिझेल इंजिनातली तीच सगळ्यात सुंदर कल्पना वाटते.

ईजीआर (एक्झॉस्ट गॅस रीसर्क्युलेशन) म्हणजे एक्झॉस्टमधला काही वायू थंड करून पुन्हा सिलिंडरमध्ये सोडणारी व्यवस्था. एकदा जळलेला वायू परत आत कशाला? तर नायट्रोजनला आवरायला. हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतो आणि त्याच्या रेणूतले दोन अणू तिहेरी बंधाने जखडलेले असतात. चुलीच्या आगीत तो बंध सहसा तुटत नाही, डिझेलच्या ज्योतीत तुटतो. कसा, ते सोव्हिएत शास्त्रज्ञ याकोव्ह झेल्डोविच यांनी १९४०च्या दशकात मांडलं. अतिउष्ण ज्योतीत ऑक्सिजनचे काही अणू सुटे झालेले असतात. असा एक अणू नायट्रोजनच्या रेणूवर आदळतो. एक नायट्रिक ऑक्साइड तयार होतो आणि नायट्रोजनचा एक अणू मोकळा होतो. तो ऑक्सिजनच्या रेणूला गाठतो. दुसरा नायट्रिक ऑक्साइड तयार होतो आणि ऑक्सिजनचा अणू पुन्हा मोकळा. साखळी सुरू.

यातली पहिली पायरी अतिशय अवघड, म्हणूनच तापमानाच्या बाबतीत कमालीची हळवी. ज्योत २६०० केल्विनवरून २४०० वर आली, म्हणजे जेमतेम आठ टक्क्यांनी उतरली, तरी या पायरीचा वेग-स्थिरांक (ती किती झपाट्याने घडते ते ठरवणारा आकडा) एक-तृतीयांशाच्याही खाली येतो. शिवाय सुटे ऑक्सिजन अणू घटतात ते वेगळंच. थोडंसं तापमान कमी करा, नायट्रोजन ऑक्साइड (नायट्रिक ऑक्साइड आणि त्याचे भाईबंद) धाडकन कमी होतात.

आता तापमान कमी कसं करायचं? डिझेलचा फवारा हवेत शिरतो तेव्हा ज्योत साधारण तिथेच पेटते, जिथे इंधनाला पुरेल इतकाच ऑक्सिजन मिळतो. आत येणाऱ्या हवेत जळलेला वायू मिसळला की ऑक्सिजन विरळ होतो. इंधनाला ऑक्सिजन तर तितकाच लागतो, म्हणून तेवढ्याच इंधनाला आसपासचा जास्त वायू ज्योतीत ओढावा लागतो. उष्णता तेवढीच, तापवायचं वस्तुमान मात्र जास्त. तेवढ्याच लाकडांवर तपेल्याऐवजी हंडा चढवल्यासारखं. त्यात कार्बन डायऑक्साइड आणि वाफ हवेपेक्षा जास्त उष्णता पोटात घेतात, पण मुख्य काम ऑक्सिजन विरळ होण्याचंच.

याची किंमत काजळीत मोजावी लागते. ऑक्सिजन कमी आणि ज्योत थंड, म्हणून तयार झालेली काजळी पूर्ण जळत नाही. ईजीआर बंद केला की धूर खरंच कमी होतो. आपल्याकडे पीयूसीला डिझेल गाडीच्या धुराचा काळेपणा मोजतात, नायट्रोजन ऑक्साइड मोजत नाहीत. त्यामुळे पत्रा मारलेली गाडी पीयूसीत पास होते आणि मालकाला वाटतं, गाडी सुधारली. न दिसणारा वायू मात्र उन्हात जमिनीलगतचा ओझोन आणि हवेतले नायट्रेटचे सूक्ष्म कण बनवत राहतो. डिझेल कारसाठी नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा बीएस-४ मध्ये किलोमीटरला २५० मिलिग्रॅम होती, १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मध्ये ती ८० झाली. ती पाळण्याची धडपड पत्र्याच्या एका तुकड्याने वाया जाते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असा मनमानी फेरफार करताही येत नाही.

पिकअप वाढतो हा दावाही तपासून घ्या. पूर्ण अॅक्सिलरेटर दाबल्यावर ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक, ईजीआरचा व्हॉल्व्ह बहुधा बंदच करतो. फरक जाणवतो तो आधीचा व्हॉल्व्ह काजळीने अर्धवट उघडा अडकलेला असतो म्हणून. तुलना बिघडलेल्या ईजीआरशी झाली, चालू ईजीआरशी नाही. (डिझेलच्या नळीला चुंबक लावून अॅव्हरेज वाढवणारे तर यांच्याही पुढचे. डिझेलच्या रेणूंवर चुंबकाचा म्हणण्यासारखा परिणामच होत नाही.)

लगद्यातला दुसरा भागीदार म्हणजे क्रँककेसचा (पिस्टनखालच्या, तेल असलेल्या पोकळीचा) ब्रीदर, म्हणजे तिथला वायू बाहेर काढणारी वाट. पिस्टन रिंगांच्या फटीतून थोडा वायू खाली झिरपतो, तो ब्लो-बाय. पूर्वी तो नळीने थेट रस्त्यावर सोडत. आता तो टर्बोच्या आधी इनटेकमध्ये जोडतात आणि सोबत तेलाचं धुकं जातं. कोरडी काजळी थोडी तरी वाहून जाते. तेलात भिजलेली चिकटून बसते. म्हणून फेरफार करायचाच तर मी या बाजूला हात घालीन. ब्रीदरमधला तेल वेगळं करणारा भाग आधी साफ करावा किंवा बदलावा. कॅच कॅन (ब्रीदरच्या वाटेत तेल अडवणारा डबा) लावायचा तर त्याची बाहेर जाणारी नळी पुन्हा इनटेकलाच जोडलेली हवी, हवेत मोकळी सोडलेली नको. आत जाळी असावी, नळ्या अरुंद नसाव्यात. कॅन भरला किंवा नळी दबली तर क्रँककेसमध्ये दाब चढतो, ऑइल सील गळू लागतात आणि टर्बोतलं तेल खाली उतरायला अडतं. ब्लो-बाय मुळातच फार असेल, तर दोष रिंगांमध्ये किंवा सिलिंडरमध्ये आहे, आणि तिथे कोणताही डबा उपयोगाचा नाही.