घरगुती जलरक्षण : नागपूर परिसर

घरातून बाहेर पडणारे पाणी आणि टाकाऊ पदार्थ यांमुळे भोवतालच्या विहिरी, तलाव व नद्या दूषित होऊ नयेत म्हणून पाळायच्या रीती. नागपुरात घराचे सांडपाणी कोणत्या वाटेने जाते, हे आधी पाहावे लागते. गडर लाइनला (मैलापाण्याच्या भूमिगत वाहिनीला) जोडलेल्या घराची जबाबदारी वेगळी आणि सेप्टिक टँक व शोषखड्डा असलेल्या घराची वेगळी. एका ठिकाणी चालून जाणारी सवय दुसऱ्या ठिकाणी शेजाऱ्याची विहीर नासवते.

शहरातील नाल्या अखेर नाग नदी व गोरेवाड्याकडून येणारी पिवळी नदी यांना मिळतात. या नद्या पूर्वेकडे कन्हानला आणि कन्हान आंभोऱ्याजवळ वैनगंगेला मिळते. तेथेच गोसीखुर्द जलाशयाचा फुगवटा आहे. नाग नदीच्या उगमाबद्दल एकमत नाही. काहीजण अंबाझरी तलावाच्या सांडव्यापासून तिची सुरुवात धरतात, तर काहीजण वाडीच्या बाजूच्या लाव्हा येथील टेकड्यांपासून. दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते, कारण तलावात येणारे ओढे त्याच बाजूचे आहेत. ते मान्य केले म्हणजे अंबाझरीच्या वरच्या अंगाला असलेल्या घरांचाही नदीशी थेट संबंध जोडला जातो. तलावातील जलपर्णीला लागणारे नायट्रोजन व फॉस्फरस बव्हंशी सांडपाण्यातूनच येतात. तलावाच्या बांधणीसाठी १८७० हे साल सर्रास देऊन ते भोसलेकाळाशी जोडतात. परंतु नागपूरचे राज्य १८५४ मध्येच खालसा झाले होते. मूळ तळे जुने असावे आणि नळयोजनेसाठी झालेले बांधकाम इंग्रजी अमदानीतील असावे, असे मानणे सयुक्तिक दिसते. आज शहराचे पिण्याचे पाणी मुख्यतः पेंच व कन्हान येथून येते. त्यामुळे स्थानिक विहिरींकडे झालेले दुर्लक्ष ही मोठी हानी आहे.

भूस्तराचा भाग येथे निर्णायक ठरतो. नागपूरच्या पश्चिमेस दख्खनचा काळा पाषाण (बेसॉल्ट), तर पूर्वेस प्राचीन रूपांतरित खडक आहेत. बेसॉल्टमधील पाणी भेगांतून वाहते. वाळूतून गाळले जाते तसे ते भेगांत गाळले जात नाही. वर काळी माती असल्यास अडचण दुहेरी होते. उन्हाळ्यात तिला खोल भेगा पडतात व मैला थेट खाली उतरतो. पावसाळ्यात ती फुगते, पाणी शोषत नाही आणि शोषखड्डा तुंबून सांडपाणी अंगणात येते. म्हणून मोरीच्या पाण्यासाठीचा १ मीटर लांब, रुंद व खोल असा प्रचलित शोषखड्डा मुरमात चालतो, काळ्या मातीत फसतो. खड्ड्यात तळाशी मोठे दगड, वर लहान दगड भरतात. तोंडाशी तळाला भोके पाडलेले मडके बसवून त्यात काथ्या किंवा गवत घालतात, म्हणजे तेलकटपणा व खरकटे तेथेच अडते. हा काथ्या दर पंधरा दिवसांनी बदलावा. तो न बदलल्यास चिकट थर दगडांवर बसतो व खड्डा उपसून पुन्हा भरावा लागतो. जागा असल्यास हे पाणी कर्दळीच्या वाफ्यात सोडणे उत्तम. नागपूरच्याच ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेने विकसित केलेली फायटोरिड पद्धती वनस्पती व खडीचा थर यांच्या अशाच संयोगावर आधारलेली आहे.

सेप्टिक टँकचा शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून किमान १८ मीटर दूर असावा, असे भारतीय मानक २४७० सांगते. भेगाळ खडकात हे अंतरही अपुरे पडू शकते. टँक दोन ते तीन वर्षांनी, किंवा गाळाने एक तृतीयांश खोली व्यापली की त्याआधीच, उपसावा. भरून वाहीपर्यंत थांबल्यास गाळ शोषखड्ड्यात जाऊन त्याची छिद्रे कायमची बुजवतो. संडासात अ‍ॅसिड वा फिनाईल ओतल्याने गाळ कुजवणारे जिवाणू मरतात. टँकमध्ये माणूस उतरवणे जीवघेणे असून संरक्षक साधनांविना तसे करण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. गाडीवाला उपसलेला मैला कोठे रिकामा करतो, हे विचारलेच पाहिजे.

विहिरीच्या निर्जंतुकीकरणास १,००० लिटरला सुमारे २.५ ग्रॅम ताजी टीसीएल (ब्लीचिंग) पावडर लागते. गोल विहिरीचा व्यास ३ मीटर व पाणी ४ मीटर असल्यास साठा सुमारे २८,२६० लिटर, म्हणून पावडर ७० ग्रॅम. ती थोड्या पाण्यात कालवून बादलीभर करावी, दहा मिनिटे निवळू द्यावी, वरची निवळी दुसऱ्या बादलीत घेऊन विहिरीत सोडावी व ढवळावे. तळाचा चुना आत टाकू नये. त्याने पाणी अधिक जड होते. तासाभराने ओटी चाचणीत (क्लोरीन पाहण्याच्या रंगचाचणीत) लिटरला ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेले दिसावे. उघड्या पोत्यातील जुनी पावडर निष्प्रभ झालेली असते. क्लोरीन जंतू मारते, नायट्रेट काढत नाही. नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर असल्यास ते पाणी पिण्यास वापरू नये. उकळल्याने तर ते आणखी सांद्र होते.

गडरला जोडलेल्या घरांत मुख्य दोष तेलाचा. सावजी रश्शाची भांडी आधी कागदाने पुसून मगच धुवावीत. त्यातले जवसाचे तेल हवेत सुकून चिवट पापुद्रा धरते, आणि विहिरीच्या जड पाण्यातील कॅल्शियमशी साबण मिळून नळीत गोळे बनतात. पावसात अंगणातले पाणी काढण्यासाठी चेंबरचे झाकण उघडण्याची सवय फार घातक आहे. लाइन भरून मैला खालच्या वस्तीत व नदीत उसळतो. भांडेवाडी केंद्रात शुद्ध केलेले पाणी कोराडीच्या वीजकेंद्राला दिले जाते, तेव्हा घरातून गेलेले तेल आणि रसायने पुढे शुद्धीकरणाचे काम अवघड करतात.

कूलरची टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून कडा घासाव्यात. एडिस डासाची अंडी कडांना चिकटून कोरड्यातही महिनोन्‌महिने टिकतात. ते पाणी नालीत सोडल्यास अळ्या जगतात, कोरड्या मातीवर पसरल्यास मरतात. बाष्पीभवनाने त्यातील क्षार वाढलेले असल्याने एकाच झाडाला रोज घालू नये. साचलेल्या पाण्यावर जळके ऑइल टाकण्याची रीत सोडून द्यावी.

पीओपीच्या लहान मूर्तीसाठी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने सुचवलेली अमोनियम बायकार्बोनेटची पद्धत घरी करता येते. मूर्तीच्या वजनाइतके रसायन पाण्यात विरघळवून मूर्ती बुडवावी व अधूनमधून ढवळावे. साधारण दोन दिवसांत ती विरघळते. वास उग्र असल्याने बादली उघड्यावर ठेवावी. वरचे द्रावण अमोनियम सल्फेटचे, म्हणजे खताचे असते; ते भरपूर पातळ करून झाडांना द्यावे. नालीत ओतल्यास त्याचा उपयोग जलपर्णी वाढवण्यातच होतो. मुळात शाडूची मूर्ती आणली तर हा खटाटोपच उरत नाही.

छतावरील पाणी विहिरीत सोडताना पहिल्या पावसाचे पाणी बाजूला काढतात. १०० चौरस मीटर छताला १०० ते २०० लिटर. अंगण किंवा गाडी धुतलेले पाणी त्या नळीला जोडू नये. उरलेली औषधे संडासात टाकू नयेत, आणि रंगाचे ब्रश मोरीत धुऊ नयेत.